फॉस्फरस आणि विजेची भट्टी

आगपेटीच्या कडेला जो तपकिरी पट्टा असतो, त्यांत तांबडा फॉस्फरस असतो. तो येतो कोठून, आणि त्याच्यापायीं मनुष्याला कोणतें मोल द्यावें लागलें, हा विचार काडी ओढतांना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

सृष्टींत फॉस्फरस सुटा सांपडत नाहीं. प्राणवायूनें व चुन्यानें त्याला जखडून ठेवलेलें असतें. इ. स. १६६९ मध्यें हँबुर्ग येथील हेनिंग ब्रांट हा किमयागार सोन्याच्या आशेनें मूत्र आटवीत असतां, त्याच्या हातीं अंधारांत चमकणारा हा पदार्थ लागला. सुमारें शंभर वर्षांनीं स्वीडनमधील गान व शेले यांनीं तो हाडांत असल्याचें दाखविलें. तेव्हांपासून हाडांच्या राखेवर गंधकाम्ल घालावयाचें, निघालेला द्रव कोळशाबरोबर आटवावयाचा, आणि तो बंद पात्रांत तापवावयाचा, अशी रीत पडली. तींत जळण अतोनात लागे.

इ. स. १८८८ मध्यें एडिंबरोच्या जेम्स बर्जेस रीडमन यानें या कामीं विजेची भट्टी योजिली. मूळ रीत आजहि तीच आहे. फॉस्फेटचा दगड, गारगोटीचे खडे आणि कोक हीं तीन द्रव्यें भट्टींत घालतात. कर्बाच्या जाड कांड्यांतून वीज सोडली कीं उष्णता सुमारें १५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. तेव्हां कोक दगडांतील प्राणवायु ओढून घेतो, गारगोटी चुन्याला धरून त्याची पातळ मळी बनविते, आणि एकटा पडलेला फॉस्फरस वाफ होऊन वर निघतो. ही वाफ निववून मिळालेला पांढरा फॉस्फरस पाण्याखालींच सांठवितात. कारण उघड्या हवेंत तो आपोआप पेट घेतो. एका टनामागें सुमारें १३ हजार युनिट वीज खर्ची पडते.

हा पांढरा फॉस्फरस भयंकर विषारी. त्याच्या धुरानें काड्यांच्या कारखान्यांतील मजुरांचे जबडे सडत. त्याच १८८८ सालीं, जुलै महिन्यांत, लंडनमधील काडीकामगार मुलींनीं संप केला. विषाची बाधा झालेलें अन्न पोटांत जाऊं नये म्हणून जेवणाला निराळी खोली असावी, ही सवलत त्यांना संपानंतर मिळाली.

वास्तविक उपाय आधींच हातीं आला होता. हवा लागूं न देतां तापविल्यास पांढऱ्याचाच तांबडा, निरुपद्रवी फॉस्फरस होतो, हें व्हिएन्नाच्या श्रॉटर यानें त्या शतकाच्या मध्यासच दाखविलें होतें. परंतु पांढरा स्वस्त पडे. बर्नच्या करारानें त्याच्या काड्यांवर बंदी आली ती १९०६ मध्यें, आणि हिंदुस्थानांत तसा कायदा झाला तो १९१३ मध्यें. शास्त्राला रीत सांपडल्यावर समाजाला ती स्वीकारण्यास निम्म्याहून अधिक शतक लागलें. तेवढा काळ मजुरांचे जबडे झडतच राहिले.