स्वावलंबनाचे घरगुती साहाय्य

आषाढात पावसाने जोर धरला की गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांत रोवणीची एकच घाई उडते. सकाळी घरातील सर्व कर्ती माणसे बांधीकडे निघून जातात. मागे उरतात ती वृद्ध माणसे आणि अधू माणसे. सायंकाळपर्यंत त्यांनी पाणी कसे प्यावे, संडासाला कसे जावे, अंगणात पाय घसरल्यास कोणाला हाक मारावी? १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या भाताच्या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. पुण्यास किंवा नागपुरास नोकरीसाठी गेलेल्या मुलांच्या घरी तर तो बारमाही आहे.

माणसाचे स्वातंत्र्य अशा लहान गोष्टींतच साठलेले असते. तांब्याभर पाण्यासाठी नातवाची वाट पाहावी लागणे हे वार्धक्याचे खरे दुःख होय. या दुःखावर घरगुती साधनांचा उपाय बराच चालतो. मात्र त्यांची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे.

पहिला मान विजेविना चालणाऱ्या साधनांना द्यावा, कारण पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. न्हाणीघरात धरण्यासाठी पक्का दांडा बसवावा; तो भिंतीत घट्ट रोवलेला असावा, टॉवेल वाळत घालण्याच्या दांडीवर शरीराचा भार टाकू नये. चाकाच्या खुर्चीसाठी उंबरठ्याशी उतरण करावयाची असल्यास एकास बारा हे प्रमाण सर्वमान्य आहे. म्हणजे उंबरठा वीतभर उंच असेल तर उतरण बारा विती लांब हवी. याहून तीव्र उतरणीवर खुर्ची चढविताना दुसऱ्याचा हात लागतो आणि मूळ हेतूच फसतो.

त्यानंतर विजेच्या साधनांचा विचार. खाटेजवळून आणि दारापासून अशा दोन्ही ठिकाणांहून पेटणारा दिवा रात्रीचे अनेक अपघात टाळतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी दारावरच्या घंटेसरशी लुकलुकणारा दिवा लावता येतो. दृष्टिहीनांना आजचा मोबाईल पत्रे वाचून दाखवितो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी सुरू केलेले ‘मनी’ हे ॲप कॅमेऱ्यापुढे धरलेल्या नोटेची किंमत बोलून सांगते आणि एकदा मोबाईलवर घेतल्यावर त्यास इंटरनेटचीही गरज लागत नाही. आठवडी बाजारात आपले पैसे आपणच ओळखणे, ही अंध माणसाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

बोललेली आज्ञा ऐकून दिवा अथवा पंखा चालविणारी यंत्रेही आता घरात आली आहेत. परंतु या जिल्ह्यातील कित्येक आजींची बोली झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी आहे. पुस्तकी मराठीवर घडविलेल्या यंत्रास ती कळेलच असे नाही. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी ते वापरणाऱ्या व्यक्तीच्या तोंडूनच पारखून घ्यावे.

खर्चाची चिंता काही अंशी शासनाने हलकी केली. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेने २०१७ पासून गरजू वृद्धांना काठ्या, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या दिल्या. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली पासष्ट वर्षांवरील, मर्यादित उत्पन्नाच्या नागरिकांसाठी अशा साधनांकरिता तीन हजार रुपयांची तरतूद केली. ज्येष्ठांना सल्ला व आधार देण्यासाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे; तो घरातील भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवण्याजोगा आहे.

आता राहिला सर्वांत नाजूक प्रश्न. दूर राहणारा मुलगा काळजीपोटी आईच्या खोलीत कॅमेरा बसवितो. त्याच्या जिवाला स्वस्थता मिळते. पण आईला दिवसभर कोणाच्या तरी नजरेखाली वावरावे लागते. तिच्या संमतीवाचून बसविलेले साधन आधार न राहता पहारा बनते. त्यापेक्षा संकटसमयी तिने स्वतः दाबावयाचे, गळ्यात अडकविण्याचे बटन पुष्कळ बरे. कारण केव्हा हाक मारावी याचा निर्णय तिच्याच हाती राहतो.

सणासुदीला गावी जाणाऱ्या सुशिक्षित मुलांनी नवे यंत्र घेऊन जाण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस एवढेच विचारावे, की कोणते काम त्यांना अजूनही स्वतःच्या हाताने करावेसे वाटते. त्यांचे उत्तर मिळाले की कोणते साधन घ्यावयाचे हे ठरविणे सोपे जाते.