मनाचे लॉगबुक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



आपण ज्याच्यापुढे बसलो आहोत तो देव लेखनिकही आहे. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. गणपतीची अट होती, मध्ये थांबायचे नाही. व्यासांची उलट अट होती, अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. या दुसऱ्या अटीवरच मी आज बोलणार आहे. मी साहित्यिक नाही, डॉक्टरही नाही. पीन्यातल्या एका कारखान्यात ३० वर्षे यंत्रांची देखभाल केली, एवढीच माझी ओळख.

२००९ च्या जुलैत मिरजेहून भावाचा फोन आला. आईची तब्येत बरी नाही, निघून ये. कारखान्यात मोठे काम अडले होते. मी म्हटले, उद्या निघतो. दुसऱ्या रात्री राणी चेन्नम्मा एक्सप्रेस पकडली. मिरजेला उतरलो तेव्हा आई गेलेली होती. दिवसकार्य करून परत आलो, कामाला लागलो. रडलो नाही. सगळे म्हणाले, माणूस खंबीर आहे.

वर्षभरात मी चिडका झालो. घरात भांडे पडले तरी ओरडायचो. छातीत जळजळ, रात्री तीनला जाग. विचारले की एकच उत्तर, "टेन्शन आहे." एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची तुम्ही रोज नोंद ठेवता. स्वतःची कधी ठेवलीत का?"

मल्लेश्वरमहून २०० पानी वही आणली. पहिले चार दिवस लॉगबुकासारखेच लिहिले. किती वाजता झोपलो, कोणावर ओरडलो. पाचव्या दिवशी लिहिले, "फिटरवर ओरडलो. रजा मागत होता." पुढे सवयीने कारण लिहायला गेलो, कारण बिघाडाच्या नोंदीपुढे कारणाचा रकाना असतोच. रजा कशासाठी? त्याची आई हासनजवळच्या गावी आजारी होती. पेन तिथेच थांबले. मी त्याच्यावर ओरडलो नव्हतो, स्वतःवर ओरडलो होतो. रागाच्या खाली अपराधीपणा होता, आणि त्याच्याही खाली न रडलेले रडे. त्या रात्री वर्षभराचे रडून घेतले.

सकाळी त्या फिटरला बोलावले, त्याची माफी मागितली आणि रजेवर सही केली. "होगि बन्नि," म्हटले. जाऊन या. त्याची आई त्या वेळी बरी झाली. माझी काही परत आली नाही, पण माझा राग उतरायला लागला.

पुढे वाचनात आले की यावर शास्त्रीय काम झाले आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांचा प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायचे. काहींनी साध्या विषयांवर लिहिले, काहींनी मनाला लागलेल्या प्रसंगांवर. ज्यांनी प्रसंग आणि त्या वेळची भावना दोन्ही लिहिले, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. मात्र लिहून झाल्याबरोबर त्यांना जास्त उदास वाटत होते, हेही ध्यानात ठेवा. २००६ मध्ये जोआन फ्रॅटॅरोली यांनी अशा १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सरासरी फायदा खरा, पण लहान, असे दिसले. म्हणजे ही संजीवनी नव्हे.

आपल्याकडेही उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. शाळेत न शिकलेल्या या बाईंनी ते सारे लिहिले. घडले ते आणि वाटले ते, दोन्ही. शिवाय स्वतःवर हसण्याची हिंमत!

आता आपल्या बेंगळूरच्या मंडळींसाठी एक गोष्ट. आपण ऑफिसात इंग्रजी बोलतो, बाजारात मोडकी कन्नड, आणि मनातले सगळे 'टेन्शन' या एका डब्यात भरतो. मराठीत किती शब्द आहेत पाहा. खंत, हुरहूर, हळहळ, चीड, हेवा, लाज, धास्ती, पोरकेपणा. प्रत्येकाचे कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा. हेवा वाटत असेल तर सुट्टी घेऊन तो जाणार नाही. पोरकेपणाला अँटासिड चालत नाही. नेमका शब्द सापडला की अर्धे काम होते. मुलांना इंग्रजीत लिहायचे असेल तर लिहू द्या. फक्त त्यांची वही उघडून वाचू नका. वही चोरून वाचली गेली की लिहिणारा पुन्हा खरे लिहीत नाही.

रीत सोपी आहे. १५ मिनिटे, शुद्धलेखनाची काळजी न करता. आधी काय घडले, मग काय वाटले, शेवटी त्या वाटण्याचे नाव. फारच त्रास होऊ लागला तर त्या दिवशी वही मिटा. रोज तेच ते गाऱ्हाणे उगाळले जात असेल तर लिहिणे पुरे, माणसाशी बोला.

माझेच सांगतो. दोन आठवड्यांची पाने उलटली तर १४ पैकी ९ रात्री "तीनला जाग" अशी नोंद होती. यंत्राची अशी नोंद असती तर मी तज्ज्ञाला बोलावले असते. स्वतःसाठी मात्र लाज वाटत होती. शेवटी सौ.ला घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. काय होते ते नीट सांगता येईना, तेव्हा वहीच पुढे केली. काही महिने औषध घेतले, बोलणे झाले, झोप परतली.

या गावात 'निम्हान्स' म्हटले की अजूनही कोणी थट्टा करतो, कोणी आवाज खाली आणतो. १९७४ पासून या नावाने चालणारी ही संस्था देशभरातून लोक शोधत येतात, आणि ती आपल्या दाराशी आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचा विचार आला तर वहीपाशी एकटे बसू नका. फोन उचला, नाहीतर शेजारच्याचे दार वाजवा.

एवढ्यावर थांबतो. विसर्जनानंतर घरे सुनी वाटतील, तेव्हा एक वही आणा आणि ते सुनेपणच पहिल्या पानावर लिहा. आणि कोणाला मिरजेहून, नाशिकहून "निघून ये" असा फोन आला, तर काम उद्यावर टाका, जाणे टाकू नका.

गणपती बाप्पा मोरया!