हृदयविकाराच्या झटक्यानंतर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मृत्यूच उभा राहतो. परंतु मला आज बोलावयाचे आहे ते त्यातून वाचलेल्या माणसाविषयी. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. मात्र घरचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला की पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर पडतो, हे मी शाळेत पाहत आलो आहे.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर येथे हा झटका आला. दुपारी अस्वस्थ वाटू लागले तेव्हा जेवणातील कच्च्या कांद्याचा हा त्रास, असे त्यांनी मानले. मध्यरात्रीनंतर छातीत तीव्र कळा आल्या. सुमारे सात आठवडे ते इस्पितळात होते. परंतु १९५६ साली ते पुन्हा निवडून आले, पुढची चार वर्षे त्यांनी कारभार पाहिला आणि १९६९ पर्यंत ते हयात होते.

यातून पहिला धडा असा, की छातीच्या मध्यभागी दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम, धाप ही लक्षणे दिसताच ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पाजीत बसू नये. मधुमेही माणसाला आणि स्त्रियांना पुष्कळदा तीव्र कळ येतही नाही. रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. म्हणून १०८ क्रमांकावर फोन करून विनाविलंब इस्पितळ गाठावे.

दुसरा धडा घरी परतल्यानंतरचा. पूर्वी अशा रोग्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. बोस्टनचे डॉ. लेव्हाइन व डॉ. लाउन यांनी १९५२ साली रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसविण्याची पद्धत मांडली. फार काळ निजून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होतात आणि मनही खचते. आज डॉक्टर लवकरच चालावयास सांगतात. आपण घरचे लोक मात्र प्रेमापोटी रोग्याला उठू देत नाही.

माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी असेच घडले. वडिलांना पलंगावरून हलू देईनात आणि दहावीतला मुलगा दुकानावर बसू लागला. डॉक्टरांनी समजावल्यावर वडील आधी अंगणात, मग मशिदीपर्यंत चालू लागले. पुढे सकाळचे दोन तास गल्ल्यावर बसू लागले. मुलगा वर्गात परतला. बापाचे चालणे आणि मुलाचे शिकणे ही एकाच घराची दोन पावले आहेत.

तिसरी गोष्ट याच्या उलट. अँजिओप्लास्टी होऊन माणूस थोड्या दिवसांत घरी येतो आणि त्याला वाटते, रोग गेला. मग गोळ्या बंद होतात, बिडी पुन्हा पेटते. बंधूंनो, नळी उघडली तरी रोग जात नाही. डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडल्यास बसविलेल्या स्टेंटमध्ये गाठ होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. बिडी, सिगारेट, तंबाखू कायमची सोडावी. मीठ, तूप, तळलेले पदार्थ यांना आवर घालावा. रमजानपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजाऱ्याला रोजाची सवलत धर्मानेच दिलेली आहे, तिचा संकोच कशाला?

विद्यार्थी मित्रांनो, अब्बांच्या गोळ्यांचे वेळापत्रक तुम्ही लिहून भिंतीवर लावा. संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालावयास जा. ते गप्प गप्प राहू लागले, जेवणावरून मन उडाले, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. या दुखण्यानंतर उदासी येणे नवलाचे नाही आणि तिच्यावरही उपाय आहे.

रोग्याला अंथरुणाला बांधू नये आणि बेफिकीरही होऊ देऊ नये, एवढेच माझे सांगणे.