‘नोंद नाहीं’ आणि ‘उत्तर नाहीं’



संगणकावरील एखाद्या संकेतस्थळास आपण कांहीं विचारावें आणि ‘नोंद आढळली नाहीं’ असें त्यानें सांगावें, हा प्रसंग आतां खेड्यापाड्यांतहि नित्याचा झाला आहे. या तीन शब्दांचा अर्थ काय, आणि ते केव्हां खरे मानावेत, एवढाच आज माझ्या बोलण्याचा विषय आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्यानें मला स्क्रिप्ट लिहिण्याची विद्या शिकविली, आणि गांवच्या वाचनालयाची ग्रंथसूची मीं तिच्या साहाय्यानें संगणकावर मांडली. त्या खटाटोपांत जें उमगलें तें सांगतों.

आमचें थळ हें अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकांठीं वसलेलें गांव. समोर पाण्यांत खांदेरी आणि उंदेरी, मागें नारळी-पोफळीच्या वाड्या. १९८० च्या दशकांत येथें थळ-वायशेतचा मोठा खतकारखाना उभा राहिला. तेव्हां ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरीं, आणि ज्यांच्या राहिल्या त्यांच्याहि घरीं, सातबाऱ्याच्या उताऱ्यास केवढें मोल आहे हें शहरांतील श्रोत्यांस सांगून कळावयाचें नाहीं. गांव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोहोंचा मिळून सातबारा. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरांत असे. आतां राज्यांतील हीं दप्तरें संगणकावर आलीं आहेत, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराहि घरबसल्या मिळूं लागला. सोय मोठी झाली, यांत संशय नाहीं.

परंतु दप्तर आणि आपण यांच्यामध्यें आतां एक नवा मध्यस्थ आला आहे. कचेरीच्या खिडकीशीं आपण उभे आहों अशी कल्पना करा. शिपाई आपली चिठ्ठी घेऊन दप्तरखान्यांत जातो, आंतल्या कारकुनास देतो, आणि परत येऊन उत्तर सांगतो. खिडकी म्हणजे संकेतस्थळाचें पान. शिपाई म्हणजे त्या पानामागें चालणारी स्क्रिप्ट. दप्तरखाना म्हणजे डेटाबेस. आणि चिठ्ठी म्हणजे क्वेरी. ही चिठ्ठी एसक्यूएल नामक भाषेंत लिहितात. ती भाषा १९७४ च्या सुमारास आयबीएममधील चेंबरलिन व बॉइस या दोघांनीं रचली. शिपाई मात्र अनेक भाषा बोलणारे असतात. मी पीएचपी बोलणाऱ्या शिपायाविषयींच बोलेन, कारण त्याचीच मला ओळख आहे.

आतां चिठ्ठी आंत गेल्यावर तीन गोष्टी संभवतात. कागद सांपडतो, किंवा सारें दप्तर नीट चाळून ‘असा कागद नाहीं’ असें कारकून सांगतो, किंवा दप्तरखान्यास कुलूप असतें, चिठ्ठीचें अक्षर लागत नाहीं, कारकून दुसऱ्याच कामांत अडकलेला असतो. पहिल्या दोन प्रकारांत उत्तर मिळालें. तिसऱ्यांत उत्तर मिळालेंच नाहीं. आळशी शिपाई दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत भेद करीत नाहीं. तो खिडकीशीं येऊन दोन्ही वेळां ‘नाहीं’ एवढेंच म्हणतो.

आम्हां शिक्षकांस हा भेद हजेरीपटानें शिकविला. मुलगा आला नाहीं तर त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण करावयाची. ज्या दिवशीं हजेरीच घेतली नाहीं त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवावयाचा. त्या कोऱ्या रकान्यांत कोणी गैरहजेरीच्या खुणा भरल्या तर साऱ्या वर्गाची उपस्थिति बुडाली म्हणून समजा.

पीएचपींत हें कसें घडतें तें पाहूं. मायएसक्यूएल या डेटाबेसास क्वेरी दिली आणि ती यशस्वी झाली तर एक निकाल हातीं येतो. त्यांत शंभर ओळी असतील वा एकहि नसेल; पण निकाल असतो. क्वेरीच फसली तर निकालाच्या जागीं ‘फॉल्स’, म्हणजे ‘असत्य’, एवढेंच येतें. लिहिणाऱ्यानें आधीं ‘निकाल आला काय?’ आणि मग ‘त्यांत ओळी किती?’ असे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पुष्कळजण पहिला प्रश्न गाळून दुसऱ्यावर उडी घेतात. ‘असत्या’च्या ओळी मोजावयास गेलें तर जुन्या पीएचपींत एक सूचना कुजबुजल्यासारखी उमटे आणि हातीं कांहींच येत नसे, पुढची ओळ त्या ‘कांहींच नाहीं’चें भाषांतर ‘नोंद आढळली नाहीं’ असें करी. कोणीहि मुद्दाम खोटें बोललें नाहीं, आणि तरी खिडकीवर खोटें सांगितलें गेलें!

याचा परिणाम केवढा होतो, याचें एक उदाहरण माझ्या ओळखींतलें आहे. आमच्याकडील एका विधवा बाईंनीं एका योजनेच्या यादींत आपलें नांव पाहिलें. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. संकेतस्थळानें ‘नांव आढळलें नाहीं’ म्हटलें. बाई लिहितां-वाचतां येणाऱ्या. त्यांनीं तें वाचलें, अर्ज नामंजूर झाला असें समजल्या, आणि गप्प बसल्या. तीन आठवड्यांनीं पुतण्यानें सहज पाहिलें तों नांव जागच्या जागीं होतें. त्या दिवशीं डेटाबेसाशीं संबंधच तुटलेला होता, असें मागाहून कळलें. कागदपत्रें देण्याची मुदत मात्र तोंपर्यंत उलटून गेली होती. संकेतस्थळानें ‘आज पाहतां येत नाहीं, उद्यां पहा’ एवढें म्हटलें असतें, तर त्या बाई दुसऱ्या दिवशीं पुन्हां आल्या असत्या.

या भाषेच्या कर्त्यांनाहि हा दोष जाणवला असावा. २०२० सालच्या पीएचपी ८.० मध्यें पीडीओ या साधनाची आणि २०२१ सालच्या ८.१ मध्यें मायएसक्यूएलआय या साधनाची मूळची रीत त्यांनीं पालटली. आतां क्वेरी फसली कीं शिपाई मुकाट्यानें परत येत नाहीं. तो जागच्या जागीं ओरडतो. या ओरडण्यास ‘एक्सेप्शन’ म्हणतात. तें ऐकून योग्य तें करणें हें लिहिणाऱ्याचें काम. पण कित्येक ठिकाणीं हें ओरडणें पकडण्याची जागा केलेली असते आणि तिच्यांत एकहि ओळ लिहिलेली नसते. ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्याचाच हा प्रकार. त्यापेक्षां जुनें कुजबुजणें बरें होतें, असें मला वाटतें.

याच्या उलट टोंकाचाहि एक दोष आहे, आणि तो पुस्तकांनींच पसरविला. जुन्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक क्वेरीपुढें ‘नाहीं तर मर, आणि मरतांना कारण सांग’ अशा अर्थाचा एक तुकडा जोडलेला असे. त्या वेळचीं तीं जुनीं साधनें २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकलीं, पण संवय मागें उरली. अशा पानावर बिघाड झाला कीं कोष्टकाचें नांव, रकान्यांचीं नांवें, फाइल कोणत्या फोल्डरांत आहे तें, सारें इंग्रजींत पडद्यावर येतें. वाडीच्या मालकास त्यांतलें अक्षर कळत नाहीं. चोरास मात्र दप्तरखान्याचा नकाशा फुकट मिळतो. बिघाडाचा सविस्तर वृत्तांत लिहावयाचा तो देखरेख करणाऱ्याच्या रोजनाम्यांत, ज्यास लॉग म्हणतात. खिडकीवर सरळ मराठींत दोन वाक्यें पुरेत: ‘दप्तर आतां पाहतां येत नाहीं. आपली नोंद आहे कीं नाहीं, हें यावरून ठरवूं नये.’ त्याखालीं वेळ आणि रोजनाम्याशीं जुळणारा एक क्रमांक द्यावा. शिवाय पानासोबत यंत्रांसाठीं जो सांकेतिक आंकडा जातो तोहि खरा हवा. न सांपडल्यास ४०४, सेवा तात्पुरती बंद असल्यास ५०३. बिघाड होऊनहि २००, म्हणजे ‘सर्व ठीक’, असा आंकडा धाडणारीं पानें थोडीं नाहींत. मग पहारा करणाऱ्या यंत्रासहि आग लागल्याचें कळत नाहीं.

चिठ्ठीचें अक्षर न लागण्याचीं कारणें कधीं कधीं गमतीचीं असतात. वसईकडे आणि गोव्यांत डिसोझा हें आडनांव पुष्कळ आहे. रोमन लिपींत तें लिहितांना पहिल्या अक्षरानंतर वरच्या अंगास एक स्वल्पविरामासारखी खूण देतात. एसक्यूएलमध्यें नेमकी तीच खूण मजकुराचा आरंभ व शेवट दाखविते. नांव जसेंच्या तसें क्वेरींत चिकटविलें तर वाक्य मध्येंच तुटतें आणि १०६४ क्रमांकाची व्याकरणाची चूक निघते. त्याच भोंकांतून दुष्ट मनुष्य आपलीं स्वतःचीं वाक्यें आंत सरकवूं शकतो. यावर कित्येकांनीं त्या माणसाच्या नांवांतली खूणच खोडून टाकली! मुलांचीं नांवें पटाच्या सोयीनें बदलणाऱ्या हेडमास्तरांची मला आठवण होते. खरा उपाय असा, कीं चिठ्ठीचा नमुना आधींच छापून ठेवावा आणि नांव वेगळ्या पाकिटांत द्यावें, म्हणजे कारकून नांवास वाक्य समजत नाहीं. ही सोय पीएचपींत २००४ पासून आहे.

सर्वच चुका एका मापानें मोजूं नयेत. १०६२ म्हणजे तीच नोंद पूर्वींच आहे. हा बिघाड नव्हे, ही माहिती आहे, आणि ती अर्जदारास तशीच सांगावी. १२१३ म्हणजे दोन कामें एकमेकांच्या वाटेंत अडून बसलीं. येथें क्षणभर थांबून पुन्हां प्रयत्न करणें योग्य. १०६४ वर शंभरदां प्रयत्न केला तरी व्याकरण सुधारणार नाहीं.

सर्वांत भयंकर बिघाड मात्र वाचतांना होत नाहीं, लिहितांना होतो. फेरफाराचें काम घ्या. जुन्या धन्याचें नांव कमी करावयाचें आणि नव्याचें चढवावयाचें. पहिलें झालें आणि दुसऱ्या आधीं वीज गेली, तर जमीन कोणाची? म्हणून दोन्ही कामें एका गांठींत बांधतात. दोन्ही झालीं तरच पक्कीं, नाहीं तर दोन्ही रद्द. यास ट्रँझॅक्शन म्हणतात. मायएसक्यूएलमध्यें कोष्टकांचा मायआयएसएएम नांवाचा एक जुना प्रकार आहे. त्यास ही गांठ ठाऊकच नाहीं. ‘रद्द कर’ म्हटलें तरी झालेलें तसेंच राहतें. २०१० सालच्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हा गांठ जाणणारा प्रकार आपोआप मिळूं लागला. पण त्यापूर्वीं मांडलेलीं कोष्टकें कोणी पालटल्यावांचून पालटत नाहींत.

आतां खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या श्रोत्यांसाठीं एक युक्ति. ‘नोंद आढळली नाहीं’ असें दिसतांच उठून जाऊं नका. जी नोंद तेथें निश्चित आहे असें आपणांस ठाऊक आहे, ती त्याच पानावर विचारून पहा. शेजाऱ्याच्या वाडीचा गट क्रमांक असला तरी चालेल. तीहि ‘आढळली नाहीं’ तर कुलूप दप्तरखान्यासच आहे. शेजाऱ्याची निघाली आणि आपली निघाली नाहीं, तर मात्र गांव, तालुका आणि क्रमांक पुन्हां तपासा, आणि तरीहि न निघाल्यास कचेरींत लेखी विचारा. दोन्ही प्रसंगीं पडद्यावरचा मजकूर, तारीख आणि वेळ कागदावर उतरून घ्यावी. रोजनामा ज्याच्या हातीं आहे त्यास शोध घेण्यास तेवढें पुरतें.