ॲस्बेस्टॉसची धूळ आणि कामगाराचा हक्क

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वैद्य नाही व वकीलही नाही. माझे आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेले. तथापि ज्या एका गोष्टीने माझ्या घरात शोक आणला, तिची मी यथाशक्ति माहिती मिळविली आहे. ती आपल्यापुढे ठेवणे हे मी माझे कर्तव्य समजतो.

आपल्या समाजातील पुष्कळ पुरुष गाव सोडून मुंबईस आले आणि गिरण्या, रेल्वेचे कारखाने व गोदी येथे कामास लागले. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, ते १९६३ साली एका गिरणीच्या बॉयलर खात्यात लागले. वाफेच्या नळांवरील जुना लेप फोडून काढणे व नवा बसविणे हे त्यांचे काम. तो लेप ॲस्बेस्टॉसचा असे. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा कपड्यांवर पांढरी भुकटी असे. आमच्या वहिनी ते कपडे मोरीत झटकून धूत. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही. म्हणूनच बॉयलर, ब्रेकची अस्तरे व सिमेंटचे पत्रे यांत त्याचा सर्रास उपयोग झाला. परंतु त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके सूक्ष्म होऊन श्वासाबरोबर फुप्फुसांत शिरतात आणि तेथेच रुतून बसतात. त्यांच्यामुळे फुप्फुसे कठीण होत जातात. या रोगास ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग हेही त्यापासून उद्भवतात. धूळ अंगात गेल्यावर हे कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात. धूम्रपान करणाऱ्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो, हे बिडी ओढणाऱ्या बांधवांनी ध्यानात ठेवावे.

हे ज्ञान नवे नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलेल्या एका स्त्रीच्या मृत्यूची हकीगत डॉ. कुक यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. १९३० साली मेरेवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल आला व १९३१ साली तेथे नियम झाले. १९६० साली डॉ. वॅग्नर यांनी दक्षिण आफ्रिकेतील मेसोथेलिओमाचे तेहतीस रोगी वर्णिले. त्यांत खाणीत कधीच काम न केलेली, केवळ आसपास राहणारी माणसेही होती. म्हणजे दादा कामास लागले त्यापूर्वीच जगास हे ठाऊक होते. ते दादांना कोणी सांगितले नाही, एवढेच.

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या कारखाने कायद्याने ॲस्बेस्टॉसिस हा सरकारास कळविण्याजोगा रोग ठरविला. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा व १९४८ चा राज्य विमा कायदा यांनी त्यास व्यवसायजन्य रोग मानले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क आहे, आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे उशिराचे असेल तोपर्यंत, जपून ठेवावी. २०११ साली मात्र संपूर्ण बंदीची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अंमलात आल्या असून जुने कायदे त्यांत सामावले गेले आहेत.

कायदा आहे, मग दादांना काय मिळाले? काही नाही. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा नीट चालली नाही व नोकरी गेली. २००५ च्या सुमारास खोकला व धाप सुरू झाली. क्षय समजून औषधे दिली गेली. थुंकीत जंतू मात्र सापडले नाहीत. पुढे एका सरकारी रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी पहिल्यांदाच विचारले, "बाबा, आपण काम काय करीत होता?" या एका प्रश्नाने सारा उलगडा झाला.

आम्ही दाव्याचा विचार केला तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. जुन्या भरपाई कायद्यात नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणे दिसावीत, अशी अपेक्षा होती. रोग मात्र दोन तपांनी आला. दुसरी अडचण पुराव्याची. गिरणी बंद, दप्तर गडप. आणि दादांचे हजेरीपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या व विम्याचे कार्ड यांचे गाठोडे घर बदलताना रद्दीत गेले होते. ते रद्दीत घालण्याचा सल्ला, बंधुभगिनींनो, मीच दिला होता. "आता याचा काय उपयोग?" हे माझेच शब्द. दादा २००९ साली गेले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि म्हणूनच ते शब्द मला आजही टोचतात.

तस्मात् माझी विनंती अशी. ज्यांच्या घरी गिरणी, रेल्वे कारखाना, गोदी वा पत्र्यांच्या कारखान्यात काम केलेले वडीलधारे आहेत, त्यांनी नोकरीचा प्रत्येक कागद जपावा. कोणत्या खात्यात, कोणत्या साली, काय काम केले, हे त्यांच्याकडून लिहवून घ्यावे. सोबत काम केलेल्यांची नावेही नोंदवावी. धाप वा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांस त्यांचा जुना व्यवसाय आपण होऊन सांगावा व क्ष-किरण चित्रे फेकू नयेत. विम्याचे कार्यालय आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. घरावरील सिमेंटचे पत्रे शाबूत असतील तर त्यांना हात लावू नये. ते कोरडे कापू, फोडू वा घासू नयेत.

आपल्या संस्थेने विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, वधूवरांची नोंदवही ठेवली. तशीच जुन्या कामगारांची एक वही ठेवावी, अशी सूचना करतो. ती लिहिण्याचे काम मी आनंदाने अंगावर घेईन. दादांचे नाव पहिल्या पानावर मी माझ्या हाताने लिहीन.