पेटी उघडण्याआधी

एरवी कवितेवर बोलणारा माणूस आज गाडीच्या एका पेटीविषयी बोलणार आहे. कारण साधं आहे. कोकणात माझ्या भाच्याचं घर एका जुन्या फोर बाय फोर पिकअपवर चालतं. मे महिन्यात वळवाचा पाऊस पडला, की बागेतल्या लाल मातीच्या चढावर आंबा भरलेली साधी गाडी घसरते, ही चढते. गिअरबॉक्सच्या पाठीला जोडलेली ट्रान्सफर केस इंजिनाची ताकद मागच्या आणि पुढच्या, दोन्ही चाकांना देते म्हणून. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्येही ती होती.

ऐन हंगामात तिचा दांडा अडू लागला. बागेतून डांबरी रस्त्यावर आलं, की गाडी ‘फोर’मधून ‘टू’मध्ये येईना, वळणावर धक्के देई. एका गॅरेजने निकाल दिला, पेटी बदला. भाचा म्हणाला, “मामू, एवढ्या पैशांत माझा हंगामच जाईल.”

मग गावातले एक जुने मिस्त्री आले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. वाकून टायर पाहिले. मागचे दोन नवे, पुढचे दोन गुळगुळीत. पिकअपमध्ये हे हमखास होतं. भार मागे असतो, म्हणून लोक मागचेच टायर आधी बदलतात.

अशा गाड्यांत ‘फोर’ टाकलं, की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी बांधले जातात. वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर थोडे घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ते घसरत नाहीत. सगळा ताण पेटीवर येतो आणि दांडा अडतो. टायर असमान असले तर सरळ रस्त्यावरही तेच. टायरच्या त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे एका फेरीला ३ सेंटिमीटरहून अधिक. किलोमीटरला तो हिशेबाने १४ मीटरांच्या आसपास जातो. चारही टायर सारखे केले, आणि दांडा सुटला. पेटी उघडावीच लागली नाही.

त्या दिवशी मिस्त्रींकडून एक क्रम शिकलो: स्वस्त कारण आधी, महाग शेवटी. दांडा ‘फोर’मध्ये अडला तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या; ताण सुटतो. ‘लो’ पडत नसेल तर गाडी थांबवून, मुख्य गिअर न्यूट्रल करून पाहा. दांडा पडतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत? मग आधी पुढच्या चाकांचे हब तपासा. ते व्हॅक्यूमवर चालत असतील तर त्याची नळी फुटलेली असू शकते. गिअर आपोआप सुटत असेल तर दांड्याचे झिजलेले बुश बघा. वेगाबरोबर थरथर वाढत असेल तर शाफ्टचे क्रॉस.

त्यानंतर तेल. ते दुधाळ दिसलं, तर ओढा ओलांडताना पाणी शिरलं आहे. सील पुन्हापुन्हा गळत असेल तर हवा जाण्याची नळी चिखलाने बुजली आहे का पाहा. तेल सोडण्याच्या बोल्टावर चुंबक असेल तर त्यावरची बारीक काळी पूड ही नेहमीची झीज. पण धातूचे तुकडे दिसले, किंवा जोर लावताच चेन दात सोडल्यासारखी खडखडली, तर मात्र पेटी उघडाच. तिथे टाळाटाळ केली तर दुप्पट खर्च येतो.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर ‘गाडी बिघडली’ एवढंच सांगू नका. दांडा कुठे होता, रस्ता कोरडा होता की ओला, गाडी सरळ जात होती की वळत होती, भरलेली होती की रिकामी, हे सांगा. ज्याच्या घरची चूल त्या चाकांवर फिरते, त्याला या चार उत्तरांची किंमत एका नव्या पेटीइतकी पडू शकते.