खडूची रेघ खोटं बोलत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



लोखंडी पाइपांचा सांगाडा, चार छोटी चाकं आणि भंगारातल्या दुचाकीचं इंजिन एवढं जमलं की पोरं गो-कार्ट बनवायला घेतात. या गाडीचा जन्मही असाच जोडाजोडीतून झाला. १९५६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून पहिली गो-कार्ट तयार केली. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. २०२१च्या अखेरीस ती देशभर गाजली.

गाडी बनते, पण खरी परीक्षा पुढे असते. समजा, धारूरच्या एखाद्या वाड्याच्या अंगणात दोन भावांनी अशी गाडी उभी केली. इंजिन फुरफुरतं, ओरडतं, पण गाडी जागची हलत नाही. किंवा दहा पावलं जाते आणि चेन उतरते. थोरला म्हणतो, चेन बदलू. धाकटा म्हणतो, क्लचप्लेटा गेल्या. ज्या घराचा खर्च ऊसतोडीच्या उचलीवर चालतो, तिथे अंदाजानं आणलेला एकेक सुटा भाग महाग पडतो. आणि दोन-तीन भाग बदलूनही गाडी चालली नाही, तर पोरं ती कोपऱ्यात लोटून देतात. ‘आपल्याला जमत नाही’ एवढंच मनात राहतं.

म्हणून आधी शोध, मग पाना. इंजिनाची ताकद एका वाटेनं चाकापर्यंत जाते. इंजिन, क्लच, गिअर, पुढचं लहान दातेरी चक्र, चेन, मागचं मोठं चक्र, एक्सल आणि शेवटी चाक. ताकद या वाटेवर कुठे हरवली, एवढंच शोधायचं.

त्यासाठी खडूचा एक तुकडा पुरे. इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा. मोठ्या चक्रावरून एक्सलवर एक सरळ रेघ ओढा. दुसरी रेघ एक्सलवरून चाकाच्या हबवर. मग टोपी लावून मोकळ्या मैदानात गाडी गिअरमध्ये टाकून हळूच पुढे नेऊन पाहा. एकानं बाजूला, हात लांब ठेवून, चेनीकडे लक्ष द्यायचं. इंजिन बंद झालं की रेघा तपासा.

चेन हललीच नाही आणि इंजिन मात्र ओरडलं, तर दोष चेनीच्या अलीकडे, बहुधा क्लचमध्ये. क्लचची तार फार ताणलेली असेल तर प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत. तारेला थोडा ढिलेपणा द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. चेन फिरली, पण चक्र आणि एक्सल यांच्यामधली रेघ तुटली, तर त्यांना एकत्र बांधणारी चावी, म्हणजे खाचेत बसवलेला लोखंडी तुकडा, तुटली आहे. दुसरी रेघ तुटली, तर चाकाची पकड सुटली. दोन्ही रेघा शाबूत आणि चेन दातांवरून उड्या मारते, तर चेन ढिली आहे किंवा झिजली आहे.

चेनीची झीज मोजता येते. दुचाकीच्या नेहमीच्या अर्ध्या इंची चेनीचे चोवीस दुवे नवे असताना बरोबर बारा इंच भरतात. ताणून मोजल्यावर सव्वाबारा इंच भरले, तर ती चेन बदलायलाच हवी. आणि जुन्या, झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवू नका, तीही लवकरच जाते.

चेन पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर दोष बहुधा चेनीचा नसतो. दोन्ही चक्रांना एक सरळ पट्टी लावून पाहा. चक्रं एका रेषेत नसतील तर चेन उतरणारच. रिकाम्या गाडीत रेषा जुळते आणि माणूस बसला की सांगाडा वाकतो, असंही होतं. म्हणून पट्टी माणूस बसवून लावा.

चावी वारंवार तुटत असेल, तर तिच्या जागी कडक बोल्ट ठोकायचा मोह होतो. तो टाळा. चावी मऊ असते ती मुद्दाम. ती तुटते म्हणून एक्सल आणि गिअर वाचतात. कारण शोधा. दोन्ही मागची चाकं एकाच एक्सलला घट्ट बांधली असतील, तर वळणावर आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असूनही बाहेरच्याइतकंच फिरावं लागतं. मातीत ते घसरून निभावतं, डांबरावर मात्र सगळा ताण चेनीवर आणि चावीवर येतो. सोपा उपाय म्हणजे एकाच चाकाला ताकद द्या, दुसरं बेअरिंगवर मोकळं ठेवा.

राहिला क्लच तापण्याचा प्रश्न. तेलगावकडून उसाचा ट्रॅक्टर धारूरचा घाट चढतो, तो खालच्या गिअरमध्ये. वरच्या गिअरचा हट्ट धरला तर इंजिन दम टाकेल. तोच हिशेब इथे. पुढे चौदा दात आणि मागे बेचाळीस, म्हणजे तिप्पट जोर. गाडी जड असेल किंवा चाकं मोठी असतील, तर मागचे दात वाढवा. वेग कमी होईल, पण क्लच जळणार नाही.

दोन गोष्टी कधीही विसरू नका. चेनीवर पत्र्याचं झाकण हवंच, कारण चेन आणि चक्र यांच्यामध्ये सापडलेलं बोट परत येत नाही. आणि ही गाडी मैदानातच चालवा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. घाटरस्ता तर दूरच राहो.

पालकांनाही एक विनंती. मुलगा काळ्या हातांनी जेवायला आला, तर हात धुवायला जरूर सांगा. पण त्याआधी विचारा, ‘रेघ कुठे तुटली होती?’ त्याला उत्तर देता आलं, तर तो नुसता खेळत नव्हता, हे तुमच्या लक्षात येईल. पंपाची मोटार असो की मळणीयंत्र, बिघाड कुठून कुठे शोधत जायचा, हे त्याला आता कळू लागलं आहे.